गंगाजळी झाकावी की वाहू द्यावी?

काशीयात्रा करून परतलेला गृहस्थ पूर्वी गंगेचे पाणी तांब्याच्या एका लहानशा गडूत घेऊन येत असे. गडूचे तोंड झाळून घट्ट बंद केलेले असे. देवघराच्या कोपऱ्यात ती गंगाजळी वर्षानुवर्षे बसून राही. उन्हाळ्यात विहीर आटली तरी तिला कोणी हात लावीत नसे. घरातल्या कोणाची अखेरची घटका आली म्हणजेच तिचे तोंड फोडायचे. पेढीच्या आणि कारखान्याच्या राखीव पैशाला 'गंगाजळी' हे नाव ज्या कोणी प्रथम दिले, तो भाषेचा मोठा जाणकार असला पाहिजे. संकटावाचून हात लावू नये, हा सारा उपदेश त्याने एका शब्दात भरून ठेवला.

पण याच शब्दात एक पेचही दडलेला आहे. गंगेचे पाणी कितीही दिवस ठेवले तरी नासत नाही, अशी आपली श्रद्धा. पैशाचे तसे नाही. तिजोरीत झाकून ठेवलेला पैसा महागाई दरवर्षी थोडा थोडा पिऊन टाकते. मग भरपूर नफा कमावणाऱ्या कंपनीने आपली गंगाजळी मोठी करीत जावे, की तो पैसा नव्या यंत्रांत, नव्या उद्योगांत घालावा? आणि तसा उद्योग सुचत नसेल, तर ज्यांचा पैसा त्यांना तो परत करावा काय?

हा प्रश्न दलाल स्ट्रीटवरच्या मंडळींचा, आपल्याला त्याचे काय, असे एखादा वाचक म्हणेल. मीही मराठीचा अध्यापक. ताळेबंद वाचायला शिकवणे हे काही माझे काम नव्हे. पण आज पगारदार माणसाला या प्रश्नापासून अंग चोरता येत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या संघटनेने २०१५ सालच्या ऑगस्टपासून नव्या ठेवींचा काही भाग शेअर बाजारात घालायला सुरुवात केली. म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता तर आता दुधाच्या बिलासारखा घरोघर जातो. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीत जी रोकड पडून आहे, तिच्यात आपल्या म्हातारपणाचा एक चतकोर आहे. त्या चतकोराचे काय चालले आहे, हे विचारण्याचा आपल्याला पुरता अधिकार आहे.

वहीतला पैसा आणि हातातला पैसा

प्रथम एक घोटाळा दूर करू. ताळेबंदात 'राखीव निधी' म्हणून जो मोठा आकडा छापलेला असतो, तेवढी रोकड कंपनीजवळ असतेच, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. आजवर झालेल्या नफ्यातून भागधारकांना न वाटता मागे ठेवलेली जी रक्कम, तिची ती नोंद असते. ती रक्कम आज रोकड असेल, किंवा तिची यंत्रे झाली असतील, कच्चा माल झाला असेल, गिऱ्हाइकांकडे उधारीत अडकली असेल. एखाद्या गृहस्थाने तीस वर्षांच्या शिलकीतून घर बांधले, तर त्याची शिल्लक बुडाली असे आपण म्हणत नाही. पण उद्या इस्पितळात पैसे भरायची वेळ आली तर त्या घराच्या भिंती काउंटरवर ठेवता येत नाहीत. निधी वहीत असतो, रोकड हातात असते. कंपनीविषयी बोलताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की पुढची वाट सोपी होते.

फोर्डसाहेबांवरचा खटला

या वादावरचा सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. हेन्री फोर्ड यांची मोटार कंपनी १९०३ साली निघाली, तेव्हा जॉन आणि होरेस डॉज या दोघा भावांनी तिच्यात दहा हजार डॉलरचा वाटा घेतला होता. फोर्डच्या गाड्यांची इंजिने आणि इतर भाग हेच भाऊ बनवून देत. पुढे 'मॉडेल टी' गाडीने असा काही जोर धरला, की २० लाख डॉलर भांडवलाच्या या कंपनीजवळ १९१६ सालच्या जुलैअखेर जवळजवळ ११ कोटी २० लाख डॉलरचा निधी साठला. त्यात पाच कोटींहून अधिक तर रोकड आणि रोख्यांच्या रूपाने तयारच होते.

ठरलेल्या लाभांशाखेरीज कंपनी अधूनमधून खास लाभांश वाटीत असे. १९१६ साली फोर्ड यांनी तो बंद केला. गाडीची किंमत ४४० डॉलरवरून ३६० वर आणायची, रूज नदीच्या काठी स्वतःची लोखंडाची भट्टी उभारायची, आणखी माणसे कामाला लावायची, असा त्यांचा बेत होता. डॉज बंधूंच्या वाट्याला कंपनीचा दहावा हिस्सा होता आणि त्यांनी १९१४ पासून स्वतःच्या मोटारी काढायला सुरुवात केली होती. त्यांना तो पैसा आपल्या कारखान्यासाठी हवा होता. ते कोर्टात गेले.

साक्षीत फोर्ड यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की कंपनी जास्तीत जास्त लोकांच्या उपयोगी पडावी, पैसा त्याच्या ओघाने येतो. ऐकायला हे किती उदात्त! पण वरिष्ठ न्यायालयाने १९१९ च्या फेब्रुवारीत निकाल दिला, की व्यापारी कंपनी ही मुख्यतः भागधारकांच्या लाभासाठी चालवायची असते. लोकोपकार करायचा तर तो फोर्ड यांनी आपल्या पैशाने करावा. सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलर खास लाभांश म्हणून वाटण्याचा हुकूम कायम झाला. मात्र कारखाना वाढवण्याला खालच्या कोर्टाने घातलेली बंदी वरिष्ठ न्यायाधीशांनी उठवली. धंद्यातले बरेवाईट आम्हांला कळते असे आम्ही म्हणत नाही, असा त्यांचा सूर होता. निकालाची ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

या खटल्यात गंमतही आहे. निम्म्याहून अधिक भाग खुद्द फोर्ड यांचेच असल्यामुळे वाटलेल्या लाभांशातला मोठा हिस्सा त्यांच्याच खिशात गेला! पुढे त्याच वर्षी त्यांनी इतर सर्व भागधारकांचे भाग दहा कोटींहून अधिक डॉलर देऊन विकत घेतले. त्यातले अडीच कोटी डॉज बंधूंना मिळाले. दहा हजारांचे सोळा वर्षांत अडीच कोटी! पण या खरेदीसाठी फोर्ड यांना मोठे कर्ज काढावे लागले, आणि १९२०-२१ ची मंदी आली तेव्हा एकेकाळी पैशाच्या राशीवर बसलेली ही कंपनी रोकडीसाठी तळमळू लागली. अखेर न मागितलेल्या गाड्या विक्रेत्यांच्या दारात उतरवून त्यांच्याकडून रोख रक्कम वसूल करण्यात आली. बिचारे विक्रेते आपापल्या गावच्या बँकांकडे कर्जासाठी धावले. गंगाजळी ज्याच्या घरची आटते, त्याची तहान पुष्कळदा दुबळ्या शेजाऱ्याच्या विहिरीतून भागवली जाते, ती अशी.

हिरा गहाण पडला

रोकड थोडी आणि विस्तार मोठा, याची हकीकत आपल्या घरचीच आहे. जमशेटजी टाटांच्या स्वप्नातला पोलादाचा कारखाना त्यांच्या मृत्यूनंतर मुंबईत, १९०७ साली, कंपनीच्या रूपाने नोंदला गेला. पहिल्या महायुद्धात त्याच्या मालाला भरपूर मागणी आली. त्या भरात कारखान्याचा प्रचंड विस्तार हाती घेतला गेला. पण युद्ध संपल्यावर यंत्रांच्या आणि बांधकामाच्या किमती चढल्या, तर उलट पोलादाचे भाव कोसळले. बेल्जमचे स्वस्त पोलाद हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागले. १९२३ साली जपानात भीषण भूकंप झाला आणि तिकडचे गिऱ्हाईकही सुटले. विस्ताराचा खर्च मात्र थांबवता येत नव्हता. अर्धी बांधलेली भट्टी ना पोलाद देते, ना पैसे परत करते.

१९२४ साली जमशेदपुराहून मुंबईला तार आली, की कामगारांच्या पगारालाही पैसे नाहीत. तेव्हा सर दोराबजी टाटांनी आपली सारी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. पत्नी मेहेरबाई यांचे जवाहीरही त्यात होते. त्यातला 'ज्युबिली' हिरा २४५ कॅरटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! पगार झाले. त्याच वर्षी सरकारने परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसवली आणि कारखाना तगला.

ही गोष्ट आपण दोराबजींच्या थोरवीसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण धंद्याच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. हजारो कुटुंबांची चूल एका बाईच्या गळ्यातल्या हिऱ्यावर अवलंबून राहिली होती. प्रत्येक कंपनीला दोराबजी मिळत नाहीत. ज्या कंपनीजवळ रोकड नाही आणि ज्युबिली हिराही नाही, तिचे कामगार कोणाच्या तोंडाकडे पाहणार?

ठेवावी तरी किती?

माणसे रोकड का बाळगतात, याची तीन कारणे केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली सांगितली: रोजची देणीघेणी, अडीअडचण आणि पुढे चालून येणारी संधी. आपल्या आजीने तांदळाच्या डब्यात, फडताळात आणि पदराच्या गाठीला असे तीन ठिकाणी पैसे ठेवले होते, तेव्हा तिने केन्स वाचलेला नव्हता.

संकटातून गेलेली कंपनी सहसा अडीअडचणीचा डबा मोठा करते. अ‍ॅपल ही संगणकाची कंपनी १९९७ साली बुडण्याच्या बेताला आली होती; प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने १५ कोटी डॉलर घातले तेव्हा तिला श्वास मिळाला. त्यानंतर स्टीव्ह जॉब्ज यांनी लाभांशाचे नावही काढले नाही. २०११ अखेर कंपनीजवळ जवळजवळ दहा हजार कोटी डॉलरची रोकड आणि रोखे साठले होते. १९९५ नंतरचा पहिला लाभांश जॉब्ज यांच्या मृत्यूनंतर, २०१२ साली जाहीर झाला. भुकेचा दिवस पाहिलेल्या माणसाचा हात कणगीवरून उठत नाही, तसेच हे.

याच्या उलट अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या. चांगल्या वर्षांतला पैसा त्यांनी भागधारकांचे भाग परत विकत घेण्यात सढळ हाताने घातला. २०२० साली करोनाची साथ आली, विमाने जमिनीवर बसली, आणि प्रवासी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार चालू राहावेत म्हणून सरकारला अडीच हजार कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या मदतीला अट घातली गेली, की काही काळ लाभांश वाटायचा नाही आणि भाग परत घ्यायचे नाहीत. सुकाळात वाटणी भागधारकांची आणि दुष्काळात पोशिंदा करदाता, असा हा व्यवहार झाला.

तेव्हा गंगाजळी हवीच. पण भरलेल्या पेवाचीही एक भीती असते. आपल्या खेड्यांतून धान्य जमिनीखालच्या पेवात साठवीत. पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस कोंडलेल्या हवेने गुदमरून मरे, म्हणून जाणते लोक ते आधी मोकळे ठेवून मगच उतरत. कंपनीच्या पेवातही असा वायू साचतो. मायकेल जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली हेच मांडले: गरजेहून अधिक पैसा हाताशी असला, की व्यवस्थापकांना तो नको तिथे घालण्याची बुद्धी होते. आपल्याला न कळणारे धंदे विकत घेतले जातात, नुसत्या मोठेपणासाठी विस्तार होतो. कर्ज काढायचे तर बँकेचा माणूस दहा प्रश्न विचारतो. घरच्या पैशाला कोण विचारणार?

स्कूटरचा पैसा

पैसा कुठे घालावा, याचे एक उदाहरण पुण्याजवळच्या आकुर्डीचे घेऊ. 'चेतक' स्कूटर १९७२ साली निघाली, आणि पुढे तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली, अशा थट्टा घरोघर चालत. अशा धंद्यात पैसा साठणारच. बजाज ऑटोने १९८७ साली वाहनखरेदीला कर्ज देणारी वेगळी कंपनी काढली. पुढे विम्याचा व्यवसाय आला. २००७ साली ऑस्ट्रियातल्या केटीएम या मोटारसायकलच्या कंपनीत वाटा घेतला. मग भागधारकांनी रास्त प्रश्न केला, की आम्ही भाग घेतले ते स्कूटरच्या कारखान्याचे, की रोख्यांच्या पेटीचे? २००७-०८ मध्ये कंपनीची वाटणी झाली: वाहने एकीकडे, वित्तव्यवसाय दुसरीकडे आणि गुंतवणुका सांभाळणारी कंपनी तिसरीकडे. एकत्र कुटुंबातले भाऊ गोडीने वेगळे व्हावेत, तसे झाले. प्रत्येक चुलीचा हिशेब वेगळा दिसू लागला.

चेतकचे पेट्रोलवरचे उत्पादन २००९ च्या सुमारास थांबले. पण त्या स्कूटरच्या काळात रुजलेली कर्जाची कंपनी देशातल्या मोठ्या वित्तसंस्थांत जाऊन बसली. सगळीच रोपे अशी निर्धास्त वाढत नाहीत. केटीएमवर २०२४ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या अर्जाची पाळी आली, आणि ती सावरण्यासाठी बजाजला आणखी मोठी रक्कम घालावी लागली. तेवढी रक्कम पटकन उभी करता आली, हेही लक्षात घ्यावे. पेरलेले सारे उगवत नाही; म्हणूनच दुबार पेरणीचे बियाणे राखून ठेवतात.

परत द्यावे हेही शहाणपण

सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू केलेल्या इन्फोसिसची गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. अशा कंपनीला भट्ट्या लागत नाहीत, खाणी लागत नाहीत; माणसे आणि संगणक लागतात. म्हणून नफा साठत गेला. इतक्या पैशाचे करणार काय, असा सवाल काही जुन्या अधिकाऱ्यांनीच उघडपणे केला. अखेर २०१७ साली कंपनीने तेरा हजार कोटी रुपये खर्चून आपलेच भाग भागधारकांकडून विकत घेतले. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सीने सोळा हजार कोटींचे भाग परत घेतले होते.

आपल्याकडे १९५६ च्या कंपनी कायद्याने अशी खरेदी जवळजवळ बंदच होती. १९९८-९९ मध्ये तिला वाट करून देण्यात आली, आणि तीही कुंपण घालून. भरलेले भांडवल आणि मोकळा निधी मिळून जी रक्कम होते, तिच्या पाव हिश्शाहून अधिक यात घालता येत नाही. असे पैसे परत करणे म्हणजे कल्पनाशक्ती आटल्याची कबुली, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्याला न जमणारा धंदा करण्यापेक्षा पैसा मालकाला परत देणे हा प्रामाणिकपणा आहे. तो पैसा काही समुद्रात जात नाही. भागधारक तो दुसऱ्या कारखान्यात घालतो, मुलीच्या शिक्षणाला लावतो. मात्र कामगारांचे पगार अडवून, संशोधन बंद करून, किंवा कर्ज काढून केवळ भागाचा भाव चढवण्यासाठी अशी खरेदी झाली, तर ती घरातली भांडी विकून घातलेली जेवणावळ होय.

नव्हतीच ती गंगाजळी

आता या कथेतला सर्वांत विदारक अध्याय. १६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने ठरवले, की 'मेटास' नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घ्यायच्या. एक घरबांधणीची, दुसरी रस्ते-पुलांची. दोन्ही अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या. 'सत्यम'ची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली, की 'मेटास' होते! संगणकाच्या कंपनीची रोकड मालकाच्या घरच्या जमिनीत जाणार म्हणताच भागधारक खवळले, न्यूयॉर्कच्या बाजारात भाव निम्म्याखाली आला, आणि काही तासांतच बेत मागे घ्यावा लागला. आपली गंगाजळी वाचली, असे लोकांना वाटले.

तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजू यांनी पत्र लिहून कळवले, की वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी मुळी नाहीतच. त्या रोकडीवर येणे दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही खोटे. मेटासची खरेदी म्हणजे खोट्या पैशाच्या जागी खऱ्या जमिनी आणून ठेवण्याचा अखेरचा प्रयत्न होता. देवघरातला गडू वर्षानुवर्षे पुजला, आणि फोडला तो कोरडा निघाला! पन्नास हजारांवर नोकरमाणसे त्या कंपनीत होती. सरकारने नवे संचालक नेमले, त्याच वर्षी टेक महिंद्राने कंपनी घेतली, म्हणून बहुतेकांची अन्नाची सोय टिकली. राजू यांना २०१५ साली सात वर्षांची शिक्षा झाली.

मला या साऱ्यातून दिसतो तो न्याय असा. कंपनीच्या पैशावर पहिला हक्क वाईट दिवसांचा. मंदीच्या एका पुऱ्या वर्षात विक्री आटली तरी कामगारांचे पगार आणि सावकारांची देणी भागतील, इतकी रोकड बाजूला असलीच पाहिजे. धंदा जितका बेभरवशाचा, तितका हा डबा मोठा. त्यावरचा पैसा आपल्या माहितीच्या कामात पेरावा, आणि पेरताना फोर्ड यांच्यासारखी पुढची वीस वर्षे पाहावीत. ज्याला शेतच नाही, ते बियाणे मालकाला परत द्यावे. कारण न सांगता साठवीत राहणे मात्र कोणालाच शोभत नाही. गंगाजळी कितीची आहे, यापेक्षा ती कशासाठी आहे, हे संचालकांनी भागधारकांच्या सभेत स्पष्ट सांगावे.

आणि आपण? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीची पूजा करतो, कारण लक्ष्मी चंचल आहे आणि तिचा माग वहीतच लागतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. आपण ज्या कंपनीचे भाग घेतले असतील, तिचा वार्षिक अहवाल न उघडता पुसून टाकण्याची सवय या दिवाळीपासून सोडू या. नफ्याचा आकडा सगळेच वाचतात. त्याच्या पुढे जाऊन रोकड किती, वर्षभरात देणी किती द्यायची आहेत, आणि कागदावरच्या नफ्यापैकी खरोखर हातात किती आले, एवढ्या तीन ओळी बोट ठेवून वाचाव्यात. घरचा मासिक हिशेब चोख ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला त्या अवघड जाणार नाहीत.